हाडाचा दागिना आणि पाचशे रुपयांचा हिशेब

हाडाचा दागिना घडवावा की घडवू नये, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटेल. आमच्या अभ्यासवर्गात तो निघाला आणि सलग दोन रविवार दुसऱ्या कशावर बोलणेच झाले नाही. निमित्त वर्गातल्या एका मुलीचे. कसबा पेठेतल्या एका जुन्या वाड्यात दोन खोल्यांत राहणारी ही मुलगी म्हशीच्या पायाच्या हाडापासून कानातली, लोलक आणि अंगठ्या कोरते. पदवीधर आहे, नोकरी करते, आणि रात्री जेवणे आटोपली की ओट्याशेजारी पाट मांडून कामाला बसते. तिने कोरलेले पिंपळपान आम्ही हातात घेऊन पाहिले. पानाच्या शिरा नखाला लागतात इतके ते बारीक काम आहे. कामाला कुणीच नाव ठेवले नाही. नाव ठेवले ते हाडाला.

आमच्यातले एक ज्येष्ठ कार्यकर्ते तिला म्हणाले, "पोरी, गावकी सोडली, मेलेलं ओढायचं सोडलं, त्यासाठी आपल्या माणसांनी मार खाल्ला, बहिष्कार सोसला. आणि तू तेच हाड पुन्हा घरात आणतेस?" त्यावर एक तरुण मित्र उसळून म्हणाला, "काका, ते दिवस गेले. कलेला जात नसते." टाळ्या दुसऱ्याला जास्त पडल्या. आम्हाला मात्र दोन्ही बोलणी अपुरी वाटली, आणि दुसरे तर सरळ चुकीचे वाटले. कलेला जात नसते हे वाक्य जातीच्या देशात फक्त प्रदर्शनाच्या हॉलमध्ये खरे असते. हॉलच्या मागच्या दाराने माल आत येतो, तिथे ते टिकत नाही.

आधी काम काय आहे ते नीट समजून घेऊ. ज्यांनी कधी हाड कापलेले नाही तेच त्यावर सर्वात जास्त मते देतात.

म्हशीच्या पुढच्या-मागच्या पायाची लांब नळी या कामाला बरी. तिची भिंत जाड आणि सपाट असते, त्यामुळे तुकडा मोठा निघतो. खाटकाकडून आणलेल्या नळीची दोन्ही टोके करवतीने उडवायची, आतला मगज काढायचा, चिकटलेले मांस आणि पापुद्रा खरवडायचा. मग धुण्याचा सोडा टाकलेल्या पाण्यात मंद आचेवर तासन्तास ठेवायचे. खळखळ उकळले की हाड ठिसूळ होते आणि चरबी आतच मुरते; पुढे तो दागिना पिवळा पडतो आणि उन्हाळ्यात वास मारतो. चरबी निघाल्यावर हायड्रोजन पेरॉक्साइडच्या पाण्यात पांढरे करायचे. ब्लीचिंग पावडर वापरली तर हाड भुसभुशीत होते, हे बहुतेकांना एक-दोन नळ्या वाया गेल्यावर कळते. मग सावलीत वाळवायचे, घाईने उन्हात टाकले की तडकते. एवढे झाल्यावर कुठे सोनारी करवत, कानस, छोटे ड्रिल आणि पॉलिशपेपर यांचे काम सुरू होते. रंग हवा तर चहाच्या पाण्यात बुडवायचे, शेवटी मधमाशीचे मेण चोळायचे. घासताना जी पांढरी धूळ उडते ती फुप्फुसाला वाईट, म्हणून मास्क लावायचा आणि शक्यतो ओले करूनच घासायचे.

यातल्या सगळ्या पायऱ्यांकडे पाहा. कोरणे आणि पॉलिश करणे हा शेवटचा भाग. त्याआधीचा भाग वासाचा, चरबीचा, खरवडण्याचा आहे. आमचे सगळे म्हणणे या दोन भागांच्या मधल्या रेषेविषयी आहे.

या मुलीच्या घरमालकाला हाडाचे कळले तेव्हा त्याने निरोप पाठवला: वाड्यात हाडे नकोत, वास्तूला दोष लागतो. घरमालकाच्या देवघरात शंख आहे. शंख म्हणजे समुद्रातल्या एका मऊ प्राण्याचे घर, त्याच्या अंगातूनच तयार झालेले. हाडाचा चुलतभाऊच म्हणा. मोती शिंपल्यातून निघतो. सोवळ्याचे रेशीम उकळत्या पाण्यात मारलेल्या किड्याचे. हरणाचे कातडे जपाला चालते, वनगाईच्या शेपटीची चवरी देवाला चालते. औषधाच्या कॅप्सूलचे वेष्टन ज्या जिलेटिनचे असते ते बहुतेक वेळा गुराढोरांच्या हाडा-कातड्यांतूनच निघते, आणि ते सदाशिव पेठेतही पाण्याच्या घोटाबरोबर गिळले जाते. तेव्हा वास्तूचा दोष हाडात नसतो हे उघड आहे. राहता राहिला वाडा. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीने 1855 साली 'ज्ञानोदय'मध्ये छापलेल्या निबंधात लिहून ठेवले आहे की मोठ्या इमारतींच्या पायात मांग-महारांना तेल-शेंदूर पाजून पुरत असत. वाड्यांच्या पायाखाली कुणाची हाडे आहेत याची चौकशी कोणत्याही घरमालकाने केल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

हाड अशुद्ध, हे तरी शास्त्राला पूर्ण मान्य आहे का? मनुस्मृतीचा पाचवा अध्याय काढून पाहा. शंख, शिंग, हाड आणि हस्तिदंत यांच्या वस्तू कशा शुद्ध कराव्यात याचा नियम त्यात दिलेला आहे: गोमूत्राने किंवा पाण्याने. म्हणजे हाडाची फणी, हाडाची डबी, हाडाचा दागिना मनूच्याही घरात होता, आणि तो विटाळला तर धुऊन घेता येत होता. वस्तू धुतली की शुद्ध. आता त्याच ग्रंथाच्या दहाव्या अध्यायात जा. तिथे चांडाळ आणि श्वपाक यांनी गावाबाहेर राहावे, मेलेल्यांची वस्त्रे नेसावीत, फुटक्या भांड्यात जेवावे आणि दागिने लोखंडाचे घालावेत, असे सांगितले आहे. या माणसांना धुऊन शुद्ध करण्याचा नियम कुठेच नाही. एकाच पुस्तकात हाडाच्या वस्तूला पाण्याने मोकळीक मिळते, आणि ती वस्तू ज्याच्या हातून येते त्या माणसाला जन्मठेप.

लोखंडाच्या दागिन्याच्या त्या ओळीकडे आपल्या चळवळीत पुरेसे लक्ष गेलेले नाही असे आम्हाला वाटते. दागिना ही हौस आहे, बायकांचा विषय आहे, म्हणून आपण तो बाजूला टाकतो. जातीने मात्र तो कधीच बाजूला टाकला नाही. कुणाच्या अंगावर काय असावे हे तिने फार बारकाईने ठरवले. पेशवाईत अस्पृश्याला ओळखू येण्यासाठी मनगटात किंवा गळ्यात काळा दोरा बांधावा लागे, हे बाबासाहेबांनी 1936 साली जातिनिर्मूलनाच्या भाषणात नोंदवले. कमरेला झाडू आणि गळ्यात मडके ही याच पुण्याची गोष्ट त्याच्या शेजारीच आहे. शनिवारवाडा कसबा पेठेला लागून आहे. सेल्फी काढायला जाणाऱ्यांनी तो दोराही आठवावा. त्याच भाषणात इंदूरजवळच्या गावांची हकीकत आहे. 1928 साली तिथल्या सवर्णांनी बलाई जातीवर नियम लादले, त्यांत एक असा की बलाई स्त्रियांनी सोन्या-चांदीचे दागिने घालू नयेत. नियम मोडणाऱ्यांना गाव सोडावे लागले.

आणि महाड. मनुस्मृतीचे दहन झाले त्याच डिसेंबर 1927 च्या परिषदेत बाबासाहेब स्त्रियांपुढे स्वतंत्रपणे बोलले. लुगडे कसे नेसावे हे त्यांनी सांगितले, ते सर्वांना माहीत आहे. त्याबरोबर गळ्यातल्या त्या भाराभर माळा आणि कोपरापर्यंतची कथलाची नाहीतर चांदीची कडी-पाटल्या टाकून द्या, हेही सांगितले. कारण त्या दागिन्यांवरून बाई अस्पृश्य आहे हे लांबून कळत असे. तो दागिना गरिबीचा म्हणून टाकायचा नव्हता, तो खुणेचा म्हणून टाकायचा होता. कुणीतरी आपल्या अंगावर लिहिलेली जात पुसून टाकण्याचा तो कार्यक्रम होता.

म्हणून आमच्या ज्येष्ठ मित्राचा राग आम्ही समजू शकतो. गळ्यात हाड दिसले की त्यांना ती खूण दिसते. पण प्रश्न असा विचारला पाहिजे की आज हाडाचा लोलक कुणाची खूण आहे? कोरेगाव पार्कातल्या दुकानात काळ्या दोऱ्यात ओवलेले हाडाचे पेंडंट 'ट्रायबल', 'बोहेमियन', 'पर्यावरणपूरक' अशा नावांनी विकले जाते. काळा दोरा आणि त्यात हाड! ज्यांच्या गळ्यात तो दोरा सक्तीने होता त्यांच्या नातवंडांना तो परवडत नाही, आणि ज्यांच्यापासून दूर राहण्यासाठी तो बांधला जात होता त्यांची नातवंडे तो हौसेने घालतात. इतिहास कधीकधी अशी क्रूर थट्टा करतो.

आता पाचशे रुपयांच्या हिशेबाकडे येऊ.

मार्च 1927 मध्ये महाडच्या पहिल्या परिषदेतच मेलेल्या जनावराचे मांस सोडण्याची हाक बाबासाहेबांनी दिली होती. पुढच्या वर्षांत गावोगाव लोकांनी मेलेली जनावरे ओढणे बंद केले आणि त्याची किंमत मोजली. धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, 15 ऑक्टोबर 1956 रोजी, नागपूरच्या भाषणात त्यांनी याच काळातली एक हकीकत सांगितली. पुण्याच्या 'केसरी'तून असा प्रचार चालला होता की एखाद्या गावात वर्षाला पन्नास गुरे मरतात, त्यांचे कातडे, शिंगे, खूर, हाडे विकून पाचशे रुपये सहज मिळतात, आणि बाबासाहेब आपल्याच गरीब लोकांना या उत्पन्नाला मुकवत आहेत. संगमनेरच्या सभेच्या वेळी 'केसरी'च्या बातमीदाराने हाच प्रश्न चिठ्ठी लिहून त्यांच्यापुढे ठेवला. तुमच्या बायकांना अंगभर वस्त्र नाही, घरात अन्न नाही, आणि तुम्ही त्यांना पाचशे रुपये फेकून द्यायला सांगता? किती हा कळवळा! बाबासाहेबांचे उत्तर असे होते की आमचे नुकसान आमचे आम्ही पाहू. एवढा फायदा असेल तर हे काम तुम्हीच करा, वर पाचशे रुपये मी देतो. कुणीही पुढे आले नाही.

'केसरी'चा वाडा नारायण पेठेत आहे. कसब्यातून चालत पंधरा-वीस मिनिटे.

ते आव्हान जवळपास शंभर वर्षांनी कुणी स्वीकारले आहे का, असा आम्ही विचार केला. इंटरनेटवर घरच्या घरी हाड कोरणाऱ्यांचे असंख्य व्हिडिओ आहेत. मोठ्या शहरांत कार्यशाळा भरतात, तिथे सवर्ण घरांतली मुलेमुलीही हौसेने हाड घासताना दिसतात. म्हणजे आव्हान स्वीकारले म्हणावे तर स्वीकारले. पण अर्धेच. त्यांच्या टेबलावर येणारा हाडाचा तुकडा पांढराशुभ्र, चौकोनी, पाकिटात बंद असतो. ढोर ओढणे, सोलणे, नळी फोडणे, चरबी खरवडणे, दुर्गंधीत उभे राहून उकळणे हे दुसऱ्या कुणीतरी केलेले असते. उत्तर प्रदेशात संभळजवळच्या सराय तरीनमध्ये शिंग आणि हाडाच्या कामाचा मोठा व्यवसाय आहे. 'एक जिल्हा एक उत्पादन' योजनेत संभळचे उत्पादन म्हणून सरकारनेच त्याची निवड केली आहे. तिथले कारागीर बहुतांशी गरीब मुसलमान आहेत. बटणे, मणी, चौकटी, डब्या तिथून जगभर जातात, त्यांवर कारागिराचे नाव कुठेच नसते. कार्यशाळेतल्या पेंडंटखाली मात्र कोरणाऱ्याची सही असते.

श्रमाची विभागणी नव्हे, श्रमिकांची विभागणी, असे बाबासाहेब जातीबद्दल म्हणाले, त्याचे यापेक्षा स्वच्छ उदाहरण आम्हाला सुचत नाही. काम एकच आहे. त्याच्या मधोमध एक रेषा मारली आहे. रेषेच्या अलीकडे कला, पलीकडे विटाळ.

मग कसब्यातल्या त्या मुलीचे काय? ती रेषेच्या दोन्ही बाजूंचे काम स्वतः करते. कॅम्पातल्या बाजारातून नळी स्वतः आणते, स्वतः साफ करते, स्वतः कोरते. तिच्यावर ते कुणी लादलेले नाही, उद्या सोडले तर कुणी बहिष्कार टाकणार नाही, आणि नाव तिचे तिलाच मिळते. बाबासाहेबांनी आपल्या माणसांकडून सोडवून घेतले ते वतनाचे ओढणे होते: गावाने हुकूम करायचा, मोबदल्यात शिळा तुकडा द्यायचा आणि नाही म्हटले तर वाळीत टाकायचे. त्यांचा रोख हाडातल्या कॅल्शियमवर नव्हता. ज्या कामाला नाही म्हणता येत नाही ते काम गुलामी, मग ते सोन्याचे का असेना. आमच्या ज्येष्ठ मित्राला आम्ही एवढेच विचारले: काका, ही पोर नाही म्हणू शकते का? त्यांनी मान डोलावली. मग तिला करू द्या.

यात आम्हाला एक धम्माचाही धागा दिसतो. ब्राह्मणी परंपरेने मृताच्या अस्थीला सुतकात आणि विटाळात टाकले. बौद्ध परंपरेने बुद्धाच्या आणि त्याच्या शिष्यांच्या अस्थी स्तूपाच्या गर्भात ठेवल्या आणि लोक त्याभोवती प्रदक्षिणा घालू लागले. सारिपुत्त आणि मोग्गल्लान यांच्या अस्थी इंग्लंडहून परत आल्या आणि 1952 साली सांचीला नव्या विहारात ठेवल्या गेल्या. पिपरहवाच्या स्तूपात 1898 साली अस्थींच्या तुकड्यांबरोबर रत्ने, मणी आणि सोन्याची फुले सापडली. त्यांतला एक भाग 2025 साली हाँगकाँगला लिलावात निघाला होता, विरोध झाला, लिलाव थांबला आणि ती रत्ने त्याच वर्षी भारतात परतली. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या लोकांना हाड आणि रत्न एका कुपीत ठेवताना विटाळ वाटला नाही. आम्ही यावरून हाडाचे दागिने घाला असे मुळीच म्हणत नाही. विटाळाची भाषा आपली नाही, ती आपल्या तोंडी शोभत नाही, इतकेच.

पण इथे दुसरा सापळा आहे आणि तो पहिल्यापेक्षा गोड आहे. कुणीतरी भला माणूस येतो आणि म्हणतो, "अरे, हे तर तुमच्या समाजाचे परंपरागत कौशल्य! चला, तुमच्या मुलांना प्रशिक्षण देऊ." परंपरागत कौशल्य हे शब्द ऐकले की आपण सावध व्हायला हवे. 1953 साली मद्रास राज्यात राजगोपालाचारींनी शाळा अर्ध्या वेळेची केली आणि उरलेल्या वेळात मुलांनी बापाचा धंदा शिकावा अशी योजना आणली. पेरियार आणि द्रविड चळवळीने ती हाणून पाडली, 1954 मध्ये राजाजी गेले आणि योजनाही गेली. आपल्या काळात 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत. त्यांत सुतार, लोहार, सोनार, कुंभार, चांभार, न्हावी, धोबी, शिंपी आहेत. गुरुशिष्य परंपरा आणि कुटुंबात चालत आलेले कौशल्य बळकट करणे हा उद्देश लिहिलेला आहे. कर्ज पाच टक्क्यांनी मिळते, अवजारांना मदत मिळते. ज्यांना हवे त्यांनी जरूर घ्यावे, सरकारी पैसा आपलाच आहे. पण न्हाव्याचा मुलगा न्हावीच व्हावा याला जी योजना बळकटी देते, तिच्याकडे आंबेडकरी तरुणाने डोळे उघडे ठेवूनच जावे. त्या अठरांत हाड-शिंगाचे काम नाही. ते घालावे अशी मागणी करावी का, यावर आमच्यात अजून एकमत नाही. घालायचेच तर ते ज्याला शिकायचे त्या प्रत्येकासाठी असावे, बापाचा धंदा न विचारता, असे आमचे मत आहे. जोश्यांच्या मुलानेही नळी खरवडायला यावे. त्याला पाचशे रुपये देण्याची आमची तयारी आहे.

कसबा पेठेत फिरताना ही गोष्ट फार ठळक दिसते. तांबट आळीत अजून हातोड्याचा आवाज येतो, मठारलेली तांब्याची भांडी तयार होतात. त्या कारागिरांचे हाल कमी नाहीत. कान बधिर होतात, खांदे जातात, आणि स्टीलने त्यांचे गिऱ्हाईक नेले. तरीही त्यांच्या कामाला आळी आहे, आळीला नाव आहे, वारसा-फेरीत लोक तिथे थांबतात, डिझायनर येतात, पुस्तकात फोटो छापतात. कुंभारवाडा आहे. शिंपी आळी आहे. हाडाची, शिंगाची, कातड्याची आळी वारसा-फेरीच्या नकाशात आम्ही शोधली, सापडली नाही. कारण तांबे देवघरात जाते. गणपतीच्या मिरवणुकीत मानाच्या पहिल्या कसबा गणपतीपुढे ढोल वाजतो, त्याच्या चामड्याच्या पानावर टिपरू पडते, आणि ते पान कुणी कमावले याचा विचार तिथल्या हजारोंपैकी किती जण करत असतील? आवाज पवित्र, कातडे कमावणारा ढोर मात्र जात. कुठल्या कारागिरीला वारसा म्हणायचे हे आवाज ठरवत नाही, सौंदर्यही ठरवत नाही. ते विटाळाचे जुने कोष्टक ठरवते, फक्त त्याला आता इंग्रजी नाव दिलेले असते.

किंमतही तेच ठरवते. त्या मुलीने एका प्रदर्शनात पिंपळपानाचे साडेतीनशे सांगितले, तर एक बाई म्हणाल्या, "हाडाचे साडेतीनशे?" त्या पानाला सहा तास लागले होते. शेजारच्या टेबलावर परदेशातून आलेले हाडाचेच कानातले दुप्पट भावाने गेले. कोल्हापुरी चपलेचे काय झाले ते तर अख्ख्या देशाने पाहिले. चर्मकारांनी पिढ्यान्‌पिढ्या शिवलेल्या या चपलेला 2019 साली महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले. जून 2025 मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या शोमध्ये जवळपास तशीच चप्पल दाखवली, तेव्हा कोल्हापूरचा उल्लेखही केला नाही. आरडाओरडा झाल्यावर कंपनीने मूळ भारतीय असल्याचे मान्य केले. तेव्हा मराठी अस्मितेने छाती पिटणाऱ्यांत असेही बरेच होते ज्यांच्या घरी चांभाराला अजून उंबऱ्याबाहेरच थांबवतात. चप्पल आपली, चांभार परका, असा हा अभिमान.

आणि काही ठिकाणी हिशेब किमतीवर थांबतच नाही. 11 जुलै 2016 रोजी गुजरातेत उनाजवळ मोटा समढियाळा गावात मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना गोरक्षकांनी गाडीला बांधून मारले. काम नको म्हटले तर बहिष्कार, काम केले तर मारहाण, हे त्या दिवशी अख्ख्या देशाने व्हिडिओत पाहिले. त्यानंतर सुरेंद्रनगरच्या दलितांनी मेलेली जनावरे आणून जिल्हाधिकारी कार्यालयासमोर टाकली. तुमची गाय, तुम्हीच पाहा. संगमनेरच्या उत्तराचा तो गुजराती अवतार होता, असे आम्हाला त्या वेळीही वाटले होते.

महाराष्ट्रात 4 मार्च 2015 पासून गाईबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आहे, म्हशीवर नाही. म्हणून ज्या कुणाला हे काम करायचे असेल त्याने म्हशीचेच किंवा बकऱ्याचे हाड घ्यावे, परवानाधारक दुकानातून घ्यावे आणि पावती जपून ठेवावी. हे भित्रेपणाने सांगत नाही. खाटकाच्या पिशवीत कुठले हाड आहे हे रस्त्यावर ठरवणारी माणसे आज मोकाट आहेत, आणि कागद असलेला बरा. हरणाचे शिंग आणि हस्तिदंत यांना हातही लावू नये, वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा आहे, घरात आजोबांच्या काळापासून असले तरी विकायला काढू नये. रानात, माळावर पडलेले हाड उचलून आणू नये. जनावर कशाने मेले ते आपल्याला माहीत नसते, आणि फाशी रोगाचे जंतू वर्षानुवर्षे टिकतात.

एवढे सगळे सांभाळून जी मुले-मुली हे काम करतात त्यांना आमचे दोन शब्द आहेत. भाव पाडू नका. सहा तासांचे सहा तास लावा, नळी साफ करायला गेलेली रात्रही धरा. ती रात्र हिशेबात न धरणे म्हणजे तो भाग फुकटच करायचा असतो हे आपणच मान्य करण्यासारखे आहे. दागिन्यावर आपले नाव घाला. पिढीजात असल्याची गोष्ट रंगवून गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारू नका, जरी तशी गोष्ट जास्त खपत असली तरी. आपण हे शिकलो, निवडले, असेच सांगा.

आणि घालणाऱ्यांनी, विकत घेणाऱ्यांनी, कार्यशाळा भरवणाऱ्यांनी उत्तरे द्यायला हवीत. पुण्यात कुठे हाडाच्या दागिन्यांचे दुकान किंवा शिबिर दिसले तर आपण आत जावे, तुकडा हातात घ्यावा आणि शांतपणे विचारावे: हे हाड कुठून आले? साफ कुणी केले? त्याने मास्क लावला होता का? त्याला दिवसाला किती मिळाले, आणि त्याचे नाव इथे कुठे लिहिले आहे?